‘आकर्षक’ फरसबंदीवर अनवाणी चालून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोहण्याच्या तलावाच्या नव्या फरसबंदीचा रंगीत फोटो कालच्या अंकात पाहिला. ‘तलावाचे रुपडे पालटले’ हे शीर्षकही वाचले. फोटोतल्या सगळ्या मान्यवरांच्या पायांत बूट आहेत, हे आपल्या छायाचित्रकाराच्या नजरेतून सुटले असावे. आम्हाला तिथे चपला फाटकाशीच काढाव्या लागतात. नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

लाल-काळे पेव्हर ब्लॉक, सोलापूरचा मे महिना आणि दुपारचे चार. आणखी काय सांगू? गेल्या आठवड्यात माझी नात पाण्यातून बाहेर आली, चटके बसू लागले तशी पळत सुटली (‘पळू नये’ ही पाटी तिथेच आहे) आणि बाकावर बसून तळवा दाखवू लागली. अंगठ्याखालची कातडी सोलली होती. पाण्यात मऊ पडलेला तळवा आणि वर किसणीसारखी खडी, दुसरे काय होणार?

विचारले तर उत्तर मिळाले, “मॅडम, गुळगुळीत केलं तर घसरून पडाल.” अर्धे बरोबर आहे. पण खरखरीत वेगळे आणि बोचरे वेगळे. माझे वडील मोझॅक टाइल्स घासायची कामे घेत, म्हणून सांगते. त्याच मशीनला जाड दाण्याचा कार्बोरंडमचा दगड लावून एक हात फिरवला की वरची टोके जातात आणि पकड राहते. पुढचे बारीक दगड लावायचेच नाहीत, पॉलिशचे तर नावही नको. ॲसिडने धुवायचे कोणाच्या मनात असेल तर कृपा करा: ॲसिड सिमेंट खाते, खडी आणखी उघडी पडते. आणि घासण्याआधी सांध्यांत वाळू भरा. होती ती वाहून गेली आहे. ब्लॉक डुगडुगतात, मुलांची बोटे ठेचकाळतात.

तापण्यात मोठा वाटा रंगाचा. फिका करडा ब्लॉकही उन्हात तापतो, पण काळ्याइतका नाही. हे निवडणाऱ्याला कोणीच कसे सांगितले नाही? आता उखडा असे मी म्हणत नाही, शेवटी फी आमचीच वाढणार. गच्चीला मारतात तसला ऊन परतवणारा फिका रंग बारीक वाळू मिसळून मारता येईल. नुसता मारला तर ओला झाल्यावर घसरेल, आणि झिजला की पुन्हा मारावा लागेल. तेही जमत नसेल तर शॉवरपासून पायऱ्यांपर्यंतच्या वाटेवर निदान हिरवी शेडनेट तरी बांधा.

व्यवस्थापनाने शोधलेला उपाय मात्र थोर आहे. बॅच सुरू होण्याआधी शिपाई पाइपाने ब्लॉकवर पाणी मारतो. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्या गावात! आणि पहिली बाई कपडे बदलून येईपर्यंत ते वाळलेलेही असते.

पूर्वी तिथे शहाबादी होती. तीही तापायची, शेवाळ धरायची, रोज घासावी लागायची. पण पाय सोलले नव्हते कोणाचे. चांगली जाड फरशी होती. उखडल्यावर ती गेली कुठे, हे आपल्या वार्ताहराने एकदा विचारून छापावे. फोटो नसला तरी चालेल.

जाता जाता एक. सकाळच्या सगळ्या बॅच पुरुषांच्या आणि महिलांची एकुलती एक दुपारी चारला, हे ब्लॉक बसण्याच्या आधीपासूनचे आहे. ती सकाळी सातला केली तर रंगही नको आणि शेडनेटही नको. वाळू आणि घासकाम तेवढे करा.

आपली नियमित वाचक,
सोलापूर