विली मेजचा पहिला हिट कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन बेसबॉलपटू विली मेजच्या उमेदवारीच्या काळावर पानभर लेख आला. मराठीत बेसबॉलला अख्खं पान मिळणं हेच अप्रूप, तेव्हा आधी आभार. पण लेखातलं एक विधान चुकलं आहे आणि ते मिटवल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

किरकोळ गोष्ट आधी उरकतो. मेजच्या 3,293 'धावा' असं छापलंय. त्या धावा नव्हेत, हिट्स. बॅटरनं चेंडू मारला आणि समोरच्यांच्या चुकीचा आधार न घेता तो सुखरूप बेसवर पोचला, तर हिट. तिन्ही बेस पार करून तो घरी परतला, तर रन. क्रिकेटच्या चष्म्यातून पाहिलं की हा घोटाळा व्हायचाच.

आता मुख्य चूक. लेखात म्हटलंय की मेजचा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला, पहिला हिट म्हणजे 28 मे 1951 रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून पोलो ग्राउंड्सवर वॉरन स्पान या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मारलेला होमरन, क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका. हे वाक्य 2024 चा मे महिना संपत येईपर्यंत बिनचूक होतं. मग मेजर लीग बेसबॉलनं निग्रो लीग्जची, म्हणजे गोऱ्यांच्या लीग्जमध्ये प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्पर्धांची, आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत घेतली. 1920 ते 1948 या काळातल्या सात लीग्जना मेजरचा दर्जा 2020 च्या डिसेंबरातच दिला होता, आकडे जुळवायला पुढची साडेतीन वर्षं गेली. त्यात मेजच्या खात्यावर 1948 सालचे दहा हिट्स जमा झाले. 3,283 चे 3,293 झाले ते असे.

म्हणजे आपल्या लेखकानं बेरीज नवी घेतली आणि सुरुवात जुनीच ठेवली. मी जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासल्या आहेत. अखेरची शिल्लक बरोबर आणि आरंभीची गायब, असं खातं मी पास केलं नसतं. ते दहा हिट्स मोजलेत ना? मग ते स्पानच्या आधी तीन वर्षं मारले गेले होते.

कुठे, तर बर्मिंगहॅम, अलाबामा. मेज तेव्हा 17 वर्षांचा, शाळकरी पोरगा. वडील स्वतः तिथल्या कारखान्यांच्या संघांतून खेळलेले. शाळा बुडवायची नाही, या अटीवर तो ब्लॅक बॅरन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात खेळायचा. मैदान रिकवुड फील्ड, तेही गोऱ्यांचा बॅरन्स संघ दौऱ्यावर गेला की मिळणारं. मॅनेजर पायपर डेव्हिसनं या पोराला सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, उभं केलं आणि मोठ्या माणसांचे कर्व्हबॉल (वळणारे चेंडू) खेळायला शिकवलं. त्या मोसमात ब्लॅक बॅरन्स निग्रो वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत गेले आणि होमस्टेड ग्रेज संघाकडून हरले. आपल्या लेखात हे सगळं 'स्थानिक सामन्यांतून तयार झालेला' या चार शब्दांत आटोपलंय. स्थानिक कसलं? ती त्या काळातल्या कृष्णवर्णीयांची सर्वोच्च पातळी होती.

मी मिनियापोलिसला 1984 च्या हिवाळ्यात आलो. इथल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ होते. स्कोअरकार्ड लिहायला त्यांनीच मला शिकवलं, पेन्सिलनं, कारण 'पेननं लिहिणारा माणूस गर्विष्ठ असतो' असं त्यांचं मत. 1951 च्या मे महिन्यात ते रोज निकोलेट पार्कला जायचे. जायंट्सनं मेजला त्या वर्षी तिथं, मिलर्स या आपल्या दुय्यम संघात, ठेवलं होतं. त्याआधीच्या मोसमात ट्रेंटनच्या दुय्यम संघात त्यानं .353 ची सरासरी (बॅटिंगच्या दर हजार वेळांत 353 हिट्स) राखली होती. इथं 35 सामन्यांत 149 वेळा बॅटिंग, 71 हिट्स, सरासरी .477. बेसबॉलमध्ये .300 म्हणजे उत्तम, यावरून काय ते समजा. गृहस्थांना मात्र हिट्सपेक्षा त्याचा थ्रो आठवायचा. "चेंडू हातात आला हे दिसायच्या आत तो सुटलेला असायचा," एवढंच बोलून ते सँडविच खायला लागायचे.

त्यांनी एकदा पाकिटातून एक कात्रण काढून दाखवलं. घड्यांवर पार विरलेलं, मधोमध चिकटपट्टी. मेजला न्यूयॉर्कनं उचलल्यावर जायंट्सचे मालक होरेस स्टोनहॅम यांनी मिनियापोलिसच्या वर्तमानपत्रात दिलेली ती जाहिरात होती. मिलर्सच्या चाहत्यांना खुलासा द्यायला हवा, पण मेजनं ही बढती कमावली आहे, अशा अर्थाची. खेळाडू नेला म्हणून गावाची समजूत घालणारा मालक मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता, तो निरोप आला तेव्हा आयोवातल्या सू सिटीत सिनेमा बघत बसला होता! फोनवर जायंट्सचा मॅनेजर लिओ डुरोशर याला म्हणाला, मला नाही जमणार तिथं. डुरोशरनं विचारलं, सध्या सरासरी किती? .477. मग माझ्यासाठी .270 जमेल का, असं डुरोशरनं विचारलं. मधली शिवी आपल्या पुरवणीला झेपणार नाही.

पुढचं लेखकानं बरं लिहिलंय. 25 मेला फिलाडेल्फियात पदार्पण, पाच वेळा बॅटिंग, हिट शून्य. पहिल्या बारा वेळांत शून्यच. मग स्पानला तो होमरन, आणि पुन्हा दुष्काळ. एकूण 26 वेळांत एक हिट. कपाटासमोर बसून रडणाऱ्या पोराला डुरोशर म्हणाला, मी मॅनेजर आहे तोवर सेंटर फिल्डर तूच. त्याच वेळी पँट वर ओढायलाही सांगितलं म्हणे, कारण पाय झाकले की अंपायरला स्ट्राइक झोन (चेंडू वैध धरायचा पट्टा) खालपर्यंत वाटतो. मला या दोन वाक्यांतलं दुसरं जास्त आवडतं. धीर कुणीही देतो. मोसमाअखेर .274, 20 होमरन आणि रूकी ऑफ द इयर.

इथं एक गंमत आहे, तीही लेखात यायला हवी होती. अधिकृत नोंदींनुसार जो 1948 मध्येच मेजर लीगमध्ये खेळला, तोच 1951 चा सर्वोत्तम नवोदित. पुरस्कार कुणी काढून घेतला नाही आणि घेऊही नये. पण दोन्ही गोष्टी शेजारी छापल्या असत्या, तर मधली तीन वर्षं तो 'मेजर' का नव्हता, हा प्रश्न वाचकाला आपोआप पडला असता.

स्पानच्या होमरनबद्दल माझा आकस नाही. जायंट्ससाठीचा पहिला हिट म्हणा, नॅशनल लीगमधला (मेजर लीगचा एक भाग) पहिला म्हणा, दोन्ही बरोबर. मेज 18 जून 2024 ला गेला, 93 व्या वर्षी. त्यानंतर दोनच दिवसांनी जायंट्स आणि कार्डिनल्स रिकवुड फील्डवर अधिकृत सामना खेळले. त्या रात्री मी टीव्हीसमोर स्कोअरकार्ड लिहायला बसलो होतो. सेंटर फिल्डरनं झेल घेतला की चौकटीत फक्त 8, म्हणजे त्या जागेचा क्रमांक, लिहायचा, आम्ही तेवढंच लिहितो. 1954 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मेजनं पाठमोरं धावत घेतलेला व्हिक वर्ट्झचा झेलही कार्डावर नुसता 8 आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: हिट्स म्हणजे धावा नव्हेत, आणि मेजचा पहिला हिट 1948 चा, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून. जागा कमी असेल तर दुसरीच छापा.

आपला,
एक जुना वाचक आणि हौशी स्कोअरर
मिनियापोलिस, मिनेसोटा