घोडा बुजला की ओरडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत नातवंडांना घेऊन माथेरानला गेलो होतो. दस्तुरीहून बाजाराकडे जाताना आमच्या पुढच्या घोड्यावर एक तरुण मुलगी बसली होती. वळणावर टपरीची निळी ताडपत्री वाऱ्याने फडफडली. घोड्याने कान टवकारले, मान ताठ केली आणि एकदम बाजूला उडी घेतली. मुलगी किंचाळली. दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि टाचा पोटात रुतवल्या. म्हणजे एकाच दमात ‘थांब’ही आणि ‘पळ’ही! घोडा जागच्या जागी गरगरला, ती लाल मातीत पडली. मनगट सुजलं, थोडक्यात निभावलं. तिच्या सोबत्याने मात्र घोड्याच्या तोंडावर काठी हाणली. ते मला अजून बघवत नाही.

माझे वडील महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते. मी बेस्टमध्ये तिकिटं फाडली, पण घोडा मला त्यांच्यामुळे कळला. बुजणं हा खोडसाळपणा नव्हे. हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तिथून काही फडफडलं की आधी उडी, मग विचार. मारलात तर ताडपत्री आणि मार यांची गाठ त्याच्या डोक्यात कायमची बसते.

नवा घोडा कागदाला बिचकला की वडील चुरगळलेला कागद त्याच्या दाण्याच्या बादलीपासून लांब ठेवायचे. रोज हातभर जवळ. आठवड्याने घोडा कागदाशेजारी तोंड घालून खुशाल खायचा. घोडेवाल्या बंधूंनी पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत ताडपत्री, छत्री, पिशवी यांची अशी सवय लावावी. आता ई-रिक्षाही आल्या आहेत, त्यांचीही.

आणि बसणाऱ्याला निघण्यापूर्वी दोन मिनिटं सांगावं, डोक्यावर हेल्मेट द्यावं. रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा ठेवायचा, म्हणजे पडलं तरी पाय अडकून फरफट होत नाही. मोबाइल खिशात. घोडा दचकला तर श्वास सोडायचा, कंबर सैल, टाचा खाली पण पोटापासून दूर, एका हाताने अयाळ धरायची. उधळलाच आणि मोकळी जागा असेल तर एकच लगाम हळूहळू गुडघ्याकडे ओढून त्याला गोल वळवायचं. दरीच्या कडेला हे मुळीच करू नये. तिथे घोडेवाल्याने दोर धरावा आणि घोडा स्थिर उभा राहिला की उतरून चालावं.

त्या दिवशी घोडेवाला पोरगा विशीचा असेल. त्याने सोबत्याच्या हातातली काठी काढून घेतली, थरथरणाऱ्या मानेवर तळवा ठेवून नुसता उभा राहिला. मग पावलापावलाने ताडपत्रीपाशी नेऊन घोड्याला ती हुंगू दिली. घोडा नाकातून फुरफुरला, मान खाली सोडली आणि तिच्या शेजारून निमूट चालता झाला.

आपला,
एक निवृत्त बस वाहक, परळ, मुंबई