कानबाईच्या आधी

पारोळा, नागपंचमी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जास्तच बोलले. "सशांपायी कानबाईचा सण सोडतोस?" असं म्हणायला नको होतं. तू फोन ठेवलास तेव्हा नाना समोरच होते. काही न बोलता ओट्यावर जाऊन बसले.

नंतर मात्र हसूच आलं रे. धुळ्याच्या बाजारात कुणी "दोन्ही नर" म्हणालं आणि तू ऐकलंस! महिन्याभरात तिसरीच्या वर्गात, गणिताच्या तासाला, पाच पिल्लं. "सर, यातली आई कोणती?" असं पोरीने विचारलं, तर तू सगळ्यांना पाढे म्हणायला लावलेस म्हणे. ताईने सांगितलं.

मी आपल्या गुरांच्या डॉक्टरांना मुद्दाम गाठलं. ते म्हणाले, सशीण पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून एकदा-दोनदा, पाचेक मिनिटं पाजते, तेही बहुधा रात्री नाहीतर पहाटे. पिल्लांची पोटं गोल दिसली की पोटभर प्यायली समज. तेव्हा दूध पाजते का हे बघायला रात्रभर वर्गात पडून राहायचं कारण नाही. आणि नर आजच वेगळा कर. व्यायल्या दिवशीसुद्धा ती पुन्हा गाभण राहते. नाहीतर पुढच्या महिन्यात परत पाढे!

पण तू फरशीवर सतरंजी टाकून झोपतोस, ते नको. पावसाचे दिवस. सशांचा दाणा सांडला की उंदीर येणार, उंदरांमागे ते येणार. मण्यार चावलेली कळतसुद्धा नाही.

आज नागाला लाह्या वाहताना आबाच डोळ्यांपुढे. तू चार वर्षांचा होतास. मुगाच्या शेंगा राखायला ते खळ्यात झोपले, सकाळी येऊन म्हणाले, "वहिनी, पोट दुखतंय, रात्रीची डाळगंडोरी बाधली." मी ओवा दिला. ओवा, बापू! चहाची बशी तोंडाशी नेली, तर चहा ओठांच्या कडेने गळत होता. पापण्या वर होईनात. तू त्यांच्या खांद्यावर बसायचा हट्ट करत होतास.

असो. पुन्हा तेच सुरू झालं माझं. तू आता मास्तर. तुला काय शिकवायचं? धडगावकडच्या पोरांशी तू पावरीत बोलतोस, हे नाना अख्ख्या गल्लीला सांगतात. घरात मात्र "याची बदली कधी होणार" एवढंच.

रविवारी कानबाई बसेल, सोमवारी विसर्जन. रोटांच्या गव्हात तुझ्या नावाची मूठ घातली आहे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांग, दोन दिवस चारापाणी बघतील. नाहीच जमलं तर रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही.

ताईजवळ मच्छरदाणी देते आहे. चारी बाजू अंथरुणाखाली नीट खोच. खाट नसेल तर दोन बाक जोडून घे. खाली मात्र झोपू नकोस.

तुझी
आई