तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, एका वायरीबद्दल

काका, सा. न.

ज्याची पानं मी लावते त्या दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत 'विशेष साहाय्य : तिसऱ्या मजल्यावरचे काका' अशी ओळ मी गुपचूप टाकली होती. शेवटच्या प्रुफात संपादकांनी ती उडवली. जाहिरातीला जागा हवी होती म्हणे. म्हणून हे उघड पत्र.

गौरीचा प्रसाद द्यायला आले तेव्हा तुम्ही माझं तोंड बघून विचारलंत, "काय गं, काय झालं?" आणि मी दारातच सुरू झाले. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून मी स्वतः जोडलेला पीसी, पहिले आठ दिवस कसा सुरेख चालला, आणि मग मजकूर लावता लावता स्क्रीन काळी होऊन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फाइल परत उघडून द्यायचं, पण शेवटचे दोन-चार बदल गेलेले. अंक छपाईला जायला तीन आठवडे उरलेले.

तोवर मी काय काय करून बसले होते! रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद केला. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, रात्रभर लावला. चारही फेऱ्यांत एक चूक निघाली नाही. बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट केलं. दुकानदार म्हणाला, "एसएमपीएस बदला." मशीनला वीज पुरवणारा तो डबाही बदलला. मग म्हणाला, "मदरबोर्डच गेला असेल." (हे वाक्य तो फोन उचलतानाच बोलतो असा मला संशय आहे.) कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं की मशीन दिवसभर चालायचं, झाकण लावलं की पडायचं, त्यामुळे ज्याला विचारावं तो म्हणे, तापतंय. पण प्रोसेसरचं तापमान साठच्या वर जात नव्हतं. आणि बहुतेक वेळा पडायचं ते प्रिंट दिल्यावर, म्हणून माझ्या भावाचं म्हणणं, लेझर प्रिंटर करंट खेचतो, घरातलं वायरिंगच तपास.

तुम्ही हे सगळं ऐकून एवढंच विचारलंत, "लिहून ठेवलंयस का?"

नव्हतं ठेवलं. जुन्या डायरीत तुम्ही रकाने आखून दिलेत : वेळ, काय चालू होतं, झाकण लावलेलं की काढलेलं. वर दम, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदललीस तर मी येणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं मधूनच येणारे-जाणारे फॉल्ट शोधलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी कर्नल-पॉवर ४१ दिसायचं. मी त्यालाच आजार समजत होते. खरं तर ती नोंद एवढंच सांगते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. त्यातला बगचेकचा (विंडोज कोणत्या चुकीने कोसळलं त्याचा) आकडा शून्य होता, कोसळताना विंडोज लिहून ठेवतं ती डंप फाइलही नव्हती. हे वाचून दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे विंडोजला मरताना ओरडायलाही सवड मिळाली नाही. गळा बाहेरून आवळलाय."

तिसऱ्या दिवशी तुम्ही डायरी वाचलीत आणि प्रिंटर टेबलावरून उचलून स्टुलावर ठेवायला सांगितलंत. प्लग तोच, केबल तीच. वीस पानं काढली. मशीन ढिम्म! तुम्ही नुसते हसलात. वीज नव्हे, हादरा. मग नारळ बघतात तसं कॅबिनेटच्या झाकणावर बोटांनी वाजवत गेलात, आणि पुढच्या कोपऱ्यापाशी येताच स्क्रीन काळी.

त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरणार नाही. मशीन बंद केलं, भिंतीतला प्लग काढला. पुढच्या पॅनेलवरून येणाऱ्या बारीक वायरींतला रीसेट बटणाचा दोन पिनांचा प्लग तुम्ही बोर्डावरून उपसलात. मल्टिमीटरचं एक टोक त्या प्लगच्या एका पिनेला, दुसरं कॅबिनेटच्या स्क्रूला. शांतता. मग झाकण लावून त्या कोपऱ्यावर तळवा दाबलात आणि मीटर टीऽऽ वाजला, म्हणजे वायर पत्र्याला टेकली. हात काढला, गप्प. वायर जोडताना मी ती झाकणाच्या कडेखाली चेपली होती. वरचं प्लास्टिक सोलून नखाएवढं तांबं उघडं पडलेलं. "अर्थ फॉल्ट," तुम्ही म्हणालात, एखादा जुना ओळखीचा भेटावा तसं.

रीसेटच्या दोन पिनांपैकी एक ग्राउंड, म्हणजे अर्थ, असते आणि कॅबिनेटही ग्राउंडच. त्यामुळे दुसऱ्या पिनेची उघडी वायर पत्र्याला टेकली की बोर्डाला वाटतं, कुणी बटण दाबलं. या प्लगला उलट-सुलट नसतं, कसाही घातला तरी बटण चालतं. माझ्या हातून तो उलटा बसला असता, तर उघडी वायर ग्राउंडच्याच पिनेवर आली असती आणि काहीच झालं नसतं. नव्या एसएमपीएसचे पैसेही वाचले असते. हे कळल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून होते.

वायरीला टेप लावून, टाय मारून ती कडेपासून लांब बांधली आहे. रीसेटचा प्लग मात्र मी परत लावलेला नाही, तो तसाच लोंबतोय. अंक वेळेवर गेला. त्यानंतर मशीन एकदाही पडलं नाही. एकदा मात्र फ्यूज उडाला, पण ते मिक्सरमुळे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही बिनसाखरेचाच घेतलात. अंकाची प्रत आणि तुमचा मल्टिमीटर रविवारी वर घेऊन येते. डायरी मात्र मागू नका. आता त्यात फ्रिजच्या आवाजाची नोंद चालू आहे.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची डीटीपीवाली
डोंबिवली