अक्षरांचं तोरण

नाशिक,
जानेवारीअखेर

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. २७ फेब्रुवारीला तुमच्या वाचनालयात अक्षरांचं तोरण लावायचं ठरलंय हे वाचून फार आनंद झाला. कुसुमाग्रजांच्या गावात राहते मी, त्यांच्या जयंतीचं अगत्य मला जरा जास्तच. पण चमकीची तयार अक्षरं आणून कागदी फुलांच्या माळेवर चिकटवायचा तुझा बेत मला पटला नाही गं. फुलं वेगळी आणि अक्षर त्यांच्यावर नेऊन बसवलेलं, असं कशाला? नक्षी अक्षरातच आहे. तीच कापायची.

कागद कापताना आधी एवढंच बघायचं, की कापल्यावर कोण कुणाला धरून राहणार. आपल्याकडे त्याची सोय लिपीनेच केलेली आहे. ग, ण, श घे. यांचा काना सुटा असतो, शिरोरेघ काढलीस की हातात दोन तुकडे येतील. म्हणून शिरोरेघ चांगली जाड ठेव, सगळा भार तिच्यावर असतो. ट, ठ, ड, ढ, ळ यांना काना नाही, ती छोट्याशा मानेवर लोंबतात आणि फाटतात तीही तिथेच. मान कापायला घेण्याआधीच रुंद आखून घे.

आता एक मात्र नीट सांभाळ. अख्खा शब्द एका सलग पट्टीतून कापावा असं वाटतं, आणि ध-भ आले की घोटाळा होतो. त्यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. ती जोडलीस की ‘धन’चं ‘घन’ होतं, ‘भात’ लांबून ‘मात’ दिसतो. अक्षरं नुकती शिकलेली मुलं ते तोरण वाचणार आहेत, त्यांच्यासमोर असं टांगलेलं मला सहन होणार नाही. तिथे रेघ तुटू दे. मागून बारीक पांढरा दोरा खळीने चिकटव. दोरा सगळ्यांना धरून ठेवतो आणि वाचताना शिरोरेघेसारखा दिसत नाही. अनुस्वाराचा प्रश्नही दोऱ्यानेच सुटतो. अक्षर ज्या उभ्या दोऱ्याला टांगशील त्यालाच ते टिंब लाव.

घडी घालून कापायचं तू विचारलंयस. काना घडीवर ठेवून त किंवा न कापलास तर उघडल्यावर फार देखणा जोड मिळतो, पण त्यातलं एक अक्षर उलटं असतं. सुटी नक्षी म्हणून चालेल, शब्दात नको. ठ तेवढा घडीतून अगदी सरळ येतो, आणि किंचित मोकळीक घेतलीस तर आपला ळ सुद्धा. ळ मला तोरणाच्या मधोमध हवाच आहे!

वर्तुळाला तीन घड्या घालून आठ पाकळ्यांचं फूल कापतात ना, तिथेही तेच होतं, आठांपैकी चार अक्षरं उलटी. म्हणून घडी घालूच नको. कार्डशीटचा एक साचा कर, वर्तुळावर ४५ अंशांनी फिरवत आठदा गिरव. शिरोरेघा बाहेरच्या बाजूला ठेवल्यास की त्या एकमेकींना भिडून कडं तयार होतं आणि अक्षरं आत झुकतात. यासाठी ल सारखं अक्षर नाही. पण तो आपला पाकळीचाच हवा, दोन बाजूंना दोन पाकळ्यांचा, हिंदीसारखा उभ्या कान्याचा नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या लिपीबद्दलच्या २००९ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच सांगितलंय. संगणकावरून अक्षर मोठं करून छापणार असशील तर आधी ल आणि श कोणते उमटतात ते बघ. बाजारातल्या चमकीच्या अक्षरांवर माझा खरा राग यासाठीच आहे, त्यांत हे दोन्ही बहुतेक वेळा हिंदी वळणाचे असतात.

दारातल्या आकाशकंदिलाचं काम वेगळं. तिथे अक्षर कापून काढायचं आणि त्यातून उजेड यायचा, म्हणजे ब, व, क यांच्या पोटातला कागद गळून पडणार. पोटातला तुकडा धरायला मध्ये बारीक पट्टी ठेवतात. ती घ, म, प यांच्या शिरोरेघेत ठेवू नको, नाहीतर पुन्हा घ चा ध होईल. खाली, जिथे पोट कान्याला मिळतं, तिथे ठेव.

पण मला याहून सुंदर वाट भांडी बाजारात दिसली. पितळी डब्यावर नाव घालून घ्यायला गेले होते. बारीक छिन्नी, वर हलकी हातोडी, आणि एकेक ठिपका पडत पडत नाव उमटत गेलं. ते बघताना जाणवलं, की अक्षर ठिपक्यांचं केलं तर काहीच गळून पडत नाही! पोट असो, अनुस्वार असो, तुटलेली रेघ असो, सगळं जागच्या जागी. घरी आल्याबरोबर जाड कार्डशीट घेतलं, खाली घोंगडीची घडी ठेवली आणि दाभणाने टोचत गेले. मागच्या बाजूने टोचलं की पुढे ठिपक्यांना हलका उठाव येतो. मात्र मागून टोचताना अक्षर उलटं आखावं लागतं. आतून पतंगाचा पिवळा कागद लावला आणि दिवा ठेवला, तर प्रत्येक ठिपका वेगळा उजळला. आपल्या आज्यांच्या घागरींवरची नावं आठवतात ना तुला? तोच ठसा. एकच सांगते, दोन ठिपक्यांत तांदळाच्या दाण्याइतकं तरी अंतर ठेव. फार जवळ टोचलंस तर कागद रेघेवरच फाटतो.

तोरणासाठी १८० ते २०० जीएसएमचं (हे कागदाच्या वजनाचं, म्हणजे जाडपणाचं माप) कार्डशीट घे. घोटीव कागद नुसता वापरलास तर पंख्याच्या वाऱ्यात वळतो, तो कार्डशीटवर चिकटवून मग काप. कटर मोठ्यांच्याच हातात राहू दे. मुलांना गिरवायला आणि खळ लावायला बसव, मोठ्या मुलींना दाभण दे.

दाराची रुंदी मोजून लगेच कळव, म्हणजे अक्षरांची उंची ठरवता येईल. ल, ध, भ आणि ळ चे साचे मी कापून ठेवलेत, उद्याच्या टपालाने धाडते. श चा देठ अजून मनासारखा वळत नाहीये, तो झाला की मागाहून पाठवीन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
नंदा