ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा गड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रँड कॅन्यनवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या प्रचंड दरीवरचा, लेख वाचला, फोटो एक नंबर, पण त्यात जे लिहिलंय ना की सकाळी खाली उतरा, नदीत पाय बुडवा आणि संध्याकाळपर्यंत वर या, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी स्वतः नोव्हेंबरमध्ये जाणारे, भाचा फिनिक्सला असतो, तिथून गाडीने साडेतीन तास, त्यामुळे गेले चार महिने घरात दुसरा विषय नाही (बायकोला विचारा).

तिथल्या नॅशनल पार्कवालेच सांगतात की कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायच्या भानगडीत पडू नका, मे ते सप्टेंबर तर नाहीच नाही. साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, साधारण २१०० मीटरवर आणि खाली कोलोरॅडो नदी ७५० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ १४०० मीटर उतरायचं आणि तेवढंच चढायचं. आपण सिंहगड, राजगड करतो तेव्हा ताज्या पायाने चढतो आणि दमलो की उतार असतो, अर्ध्यातून परत फिरलो तरी घरी पोचतो. तिथे उलटं. उतरताना गार हवा, मजा वाटते, अजून थोडं जाऊ अजून थोडं जाऊ करत माणूस खाली जातो आणि जेव्हा पाय बोलायला लागतात तेव्हा अख्खा चढ समोर उभा. म्हणून हिशोब असा की एकूण वेळेतला एक भाग उतरायला आणि दोन भाग चढायला धरायचा.

आता आमच्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं, अरे आपण सोलापूरचे, मे महिन्यात ४४ डिग्रीत मार्केट यार्डात फिरतो, आपल्याला काय ऊन शिकवता. पण आपण त्या उन्हात फिरतो ते रसवंती बघून आणि सावली धरून! उन्हाळ्यात खाली तळाला वरच्यापेक्षा दहा-पंधरा डिग्रीने जास्त असतं, चाळीसच्या वर सहज, आणि हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी उडून जातो, अंग ओलं होत नाही म्हणून कळतच नाही किती पाणी गेलं. तिथे दहा ते चार चालूच नका सांगतात. आणि नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस बरळायला लागतो. खारट खायला आपल्याकडे काय कमी आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत पहिली जाणार, आठवडाभर टिकते आणि चटणीत मीठ-तेल दोन्ही.

आमचा बेत असा की साउथ कैबाब वाटेने उतरायचं, ही ११ किमी, आखूड पण वाटेत पाण्याचा थेंब नाही, मग खाली दोन मुक्काम, आणि वर यायला ब्राइट एंजल, ती १५ किमी लांब पण मध्ये हवासुपाई गार्डन्स या थांब्यावर सावली मिळते. खाली तंबू टाकायला परमिट लागतं, ते चारेक महिने आधी लॉटरीने, फॅन्टम रँच या तळाच्या विश्रामगृहातल्या खाटेची लॉटरी तर १५ महिने आधी. एवढं असताना "सकाळी उतरा" असं सहज कसं लिहिता राव?

प्रॅक्टिसचं म्हणाल तर सोलापुरात डोंगर कुठून आणायचा. आमच्या बिल्डिंगचे पाच मजले म्हणजे धरा १५ मीटर, नदीपर्यंतची उतरण भरायला नव्वदच्या वर फेऱ्या होतात. रोज पंधरा करतो, पाठीवर चार लिटर पाणी. आधी मी चढून लिफ्टने खाली यायचो, मग कळलं की मांड्या आणि गुडघे उतरतानाच मोडतात, आता दोन्ही पायीच. नव्या बुटात पायाचा अंगठा पुढे जाऊन आपटतो, पहिल्याच आठवड्यात नख काळं पडलं, तेव्हा नखं बारीक कापा आणि बूट अर्धा नंबर मोठा घ्या. वॉचमनला वाटतंय साहेबांचं काहीतरी बिनसलंय.

कोजागिरीला दरवर्षीसारखं तुळजापूरला चालत जाणार, यंदा पाठीवर पूर्ण वजन घेऊन. रात्रभराची चाल झाल्यावर आईच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जायचं आणि दमलेल्या पायांनी परत वर चढायचं, कॅन्यनचीच गत, फक्त वर आल्यावर चहा मिळतो. (तळाच्या काळ्या दगडाचं नाव विष्णू शिस्ट आहे, १७० कोटी वर्षं जुना. हे ऐकल्यावर बायकोचा विरोध जरा मावळला.)

तर पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापा, त्याच पानावर आणि फोटोच्या खाली, कोपऱ्यात नको. सुट्टीत अमेरिकेला पोराकडे जाणारे आईबाप आपल्याकडे भरपूर आहेत आणि ते नेमके मे-जूनमध्येच जातात.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर