आबा, धाकटे आजोबा लढले होते

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "धाकटे आजोबा लढले तरी होते का, का नुसतेच आजारानं गेले?" त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. लढले होते, आबा, पहिल्या महायुद्धात, इराकमध्ये तुर्कांशी. आणि ज्या आजारानं गेले, तोही त्या लढाईतूनच आला होता.

इथल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत त्यांचं नाव आहे. शिपाई, ११७ मराठा पलटण, वडिलांचं नाव, आपलं गाव, जिल्हा सातारा, मृत्यू मार्च १९१६. पलटण एकदा कळली की पुढचा रस्ता दिसतो. पुणे डिव्हिजनची जी ब्रिगेड नोव्हेंबर १९१४ मध्ये सगळ्यांत आधी फावच्या किनाऱ्यावर उतरली, तिच्यात ही पलटण होती. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई, सप्टेंबरात टायग्रिस नदीकाठचं कुत, आणि २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफॉन. टेसिफॉनला माणसं फार पडली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत वाळवंटातून नदीपर्यंत आणलं. आजोबांच्या मांडीला लागलेली गोळी तिथलीच असणार असं मला वाटतं. मग माघार घेत सगळे कुतला आले, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी गाव वेढलं. तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. आजोबा गेले ते या वेढ्यात.

आता आजाराचं. शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेतून सुटून आलेल्या माणसानं सांगितलेली हकिकत आजी आम्हाला सांगायची, आठवतं ना? हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायला लागले, पाय सुजून काळेनिळे पडले, आणि भरून आलेली मांडीची जखम आपोआप परत उघडली. आजी म्हणायची, नजर लागली. आबा, तो स्कर्व्ही होता. माझं रोजचं काम रुग्णांच्या आहाराचं, त्यामुळे ही लक्षणं ऐकली की दुसरं काही डोक्यात येतच नाही. क जीवनसत्त्व मिळालं नाही की शरीराला जखमेचा सांधा टिकवता येत नाही. जखमेचा व्रण वरून पक्का दिसतो, पण आत शरीर तो सतत नव्यानं विणत असतं. ते विणणं थांबलं की जुनी जखमसुद्धा उसवते. टेसिफॉनची गोळी कुतमध्ये दुसऱ्यांदा लागली म्हणा.

कुतच्या वेढ्यातली एक गोष्ट वैद्यकात आजही सांगतात. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा आजार) झाला, आपल्या शिपायांना स्कर्व्ही. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात आणि सोबत घोड्याचं ताजं मांस. आपले लोक जवाचं पीठ खात, त्यामुळे बेरीबेरीपासून वाचले. पण मांस नाही, भाजी नाही, फळ नाही. रानातला पाला खुडून शिजवत, तोही पुरेना. शेवटी शेवटी पीठही मूठ-दोन मूठ झालं. एप्रिलमध्ये विमानांतून अन्नाच्या गोण्या टाकल्या, तोवर आजोबा गेले होते.

घोड्याचं मांस खा म्हणून कुतमधल्या फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंडनं परोपरीनं सांगितलं, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमतीही मागवली. तरी पुष्कळांनी महिनोन्महिने हात लावला नाही. गावी परतल्यावर वाळीत टाकतील, घरातल्या पोरींची लग्नं होणार नाहीत, ही भीती. कुणी त्याला अडाणीपणा म्हणतं तेव्हा मला राग येतो. मरणाच्या दारात बसून ती माणसं आपल्या बहिणींच्या लग्नाचा विचार करत होती. दोष द्यायचाच तर ज्यांनी पुरेशा बोटी, औषधं आणि डॉक्टर नसताना एक डिव्हिजन बगदादकडे ढकलली त्यांना द्यावा. त्या अनागोंदीची चौकशी झाली, १९१७ मध्ये अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या घरी त्यातलं काही पोचलं नाही, "तापानं गेला" एवढंच पोचलं.

त्यांची समाधी नाही. इराकमध्ये बसरा स्मारक आहे, ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा ४०,००० हून जास्त सैनिकांचं. तिथे साध्या गोऱ्या शिपायाचंही नाव दगडात कोरलं. आपल्यापैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये आयोगानं स्वतःच्याच अहवालात हा भेदभाव मान्य केला, आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. आपल्या चावडीच्या भिंतीतल्या पाटीवरही तसंच आहे: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके मेले. त्या दुसऱ्या आकड्यात आजोबा आहेत. लढाईत पडलेले वेगळे आणि आजारानं गेलेले वेगळे, असं ती पाटी काही म्हणत नाही. मग आपणच का म्हणायचं?

म्हणून दोन कामं सांगते. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत एक कांस्याची जड गोल तबकडी आहे का बघा, साधारण तळहाताएवढी. तिच्यावर हातांत पानांचं पुष्पचक्र आणि त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह असेल, आणि कडेला चौकटीत नाव. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ती पाठवायचे. सापडली तर मोडीत घालू देऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. दुसरं, ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. पाटीशेजारी मेलेल्या सगळ्यांची नावं लावावीत, असं त्यात लिहिलंय. आपल्या एकट्याचंच नाव नको. खालच्या आळीतल्या आणि मळ्यातल्या घरांना विचारून घ्या, त्यांच्याकडचीही नावं मी इथल्या नोंदींत शोधते. तालुका आणि वडिलांचं नाव मात्र नक्की हवं.

आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. दादाला म्हणावं, ट्रंक त्यानं उतरवावी, तुम्ही शिडीवर चढू नका.

तुमची लेक